दाराशी बसणारी

१

तुमच्या घरात टीव्ही बघताना तुमच्या पाठीमागं काय असतं, कधी वळून पाहिलंय? भिंत असेल तर उत्तम. खिडकी असली तरी हरकत नाही. पण पाठीशी दार असेल, तर हे जरा नीट ऐका.

हुबळीच्या विद्यानगरात, कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक चार मजली इमारत आहे. तिथं दुसऱ्या मजल्यावर विमला राहते. वय बावन्न. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. कुणाशी भांडण नाही, कुणाचं वाईट चिंतणं नाही, अशी तिची ख्याती. नवरा प्रभंजन अमरगोळच्या मार्केट यार्डात कारकून, तो साडेआठच्या आत काही घरी येत नाही. मुलगा अनिश बंगळूरला. त्यामुळं संध्याकाळी साडेसात ते आठ हा अर्धा तास विमलाचा एकटीचा. देवापुढं निरांजन लावायचं, गॅस बंद करायचा, आणि सोफ्यावर बसून 'हिरवी खिडकी' बघायची.

सोफा हॉलच्या मधोमध. समोरच्या भिंतीवर टीव्ही. सोफ्याच्या मागं चार पावलांवर स्वयंपाकघराचं दार. त्या दाराला पडदा नव्हता.

'हिरवी खिडकी' म्हणजे भुताची मालिका. मृण्मयी नावाची नवी सून, एक जुना बंगला, करारी आईसाहेब, आणि भिंतीत उघडणारी एक हिरवी खिडकी. अर्ध्या इमारतीला त्या खिडकीनं वेड लावलं होतं. रोज दुपारी चार वाजता तळमजल्यावरच्या भाग्यलक्ष्मीबाईंच्या व्हरांड्यात चौघीजणी जमायच्या. शिवरात्रीला देवळात लक्ष वाती लावायचा भाग्यलक्ष्मीबाईंचा नवस होता, म्हणून हातांनी वाती वळायच्या आणि तोंडानं कालच्या भागाचा कीस पाडायचा. भाग्यलक्ष्मीबाई निवृत्त शिक्षिका, त्यामुळं अध्यक्षस्थान त्यांचंच. पहिल्या मजल्यावरची श्रीलक्ष्मी, निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलणारी. तिसऱ्या मजल्यावरची तरुण सून सोनाली. आणि विमला.

विमलाचा त्यात मान मोठा होता. कारण पुढं काय होणार ते तिला आधी कळायचं. मालिकेतला ड्रायव्हर पहिल्या भागापासूनच मेलेला आहे, हे तिनं तीन आठवडे आधी सांगितलं होतं. "त्याच्या पायात चपला कधी दाखवत नाहीत, बघा," एवढंच ती म्हणाली होती. ते खरं निघालं त्या दिवशी श्रीलक्ष्मीनं तिला बसल्या जागी मिठी मारली.

पण दोन महिने झाले, विमलाचा एकही अंदाज बरोबर आला नव्हता. अंदाज ती करतच नव्हती.

२

पौष संपत आला तेव्हाची गोष्ट. सोनाली पाय दुमडून बसत म्हणाली, "काल ती परत होती, बघितलंत ना?"

"कोण ग?" भाग्यलक्ष्मीबाईंनी विचारलं.

"अहो, ती दाराशी बसणारी. बंगल्याच्या स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून बसते ती."

"हौदल्ल! होय की!" श्रीलक्ष्मीनं मांडीवर थाप मारली. "मी ह्यांना तेच सांगत होते. चार दिवस झाले, ही बाई नुसती बसलीय. एक शब्द नाही, एक काम नाही. आईसाहेब तिच्या अंगावरून जातात येतात, पण कुणी बघत म्हणून नाही तिच्याकडं."

"भूत असणार."

"भुताला पांढरं लुगडं देतात ग, सोनाली," श्रीलक्ष्मी म्हणाली. "हिचं तर चौकड्याचं, धुऊन धुऊन विरलेलं. आणि भूत असं बसतं होय? एक गुडघा वर, त्यावर हात."

"आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत असते," भाग्यलक्ष्मीबाई म्हणाल्या. "मला तर ती कुठंतरी बघितल्यासारखी वाटते. कुठल्या मालिकेत होती बरं?"

विमलाच्या हातातली वात तुटली.

तिनं असली बाई पाहिलीच नव्हती. चारही दिवस ती सोफ्यावरून हललेली नव्हती, जाहिराती लागल्या तरी उठलेली नव्हती. पण चौघींत सगळ्यात हुशार म्हणवून घेणारीनं 'मला दिसली नाही बाई' म्हणायचं कसं? लाज वाटली. म्हणून ती म्हणाली, "होय की. मीही आज तेच काढणार होते."

"मग सांगा की, विमलाक्का! कोण आहे ती?" सोनाली सरसावली. "तुम्ही म्हणाल तेच खरं होतं."

"बघू या अजून दोन दिवस," विमला म्हणाली आणि खाली मान घालून कापूस पिंजायला लागली.

३

त्या संध्याकाळी तिनं चष्मा साबणानं धुतला. हॉलचा दिवा मालवला. टीव्हीचा उजेड वाढवला.

भाग सुरू झाला. मृण्मयी जिन्यावरून उतरली. आईसाहेब झोपाळ्यावर बसल्या. मागं स्वयंपाकघराचं दार होतं, चांगलं रुंद, नक्षीच्या चौकटीचं. विमला मृण्मयीकडं बघतच नव्हती, ती त्या दाराकडं बघत होती. दार रिकामं होतं. दुसऱ्या प्रसंगात रिकामं, तिसऱ्या प्रसंगातही रिकामं. उंबऱ्याशी एक चौकोनी उजेड पडला होता तेवढाच.

आठ वाजता तिचा फोन वाजला. 'हिरवी खिडकी मंडळ' या नावाचा चौघींचा ग्रुप होता. सोनालीनं लिहिलं होतं, 'आज तर पूर्ण वेळ बसली होती!!' खाली श्रीलक्ष्मीचं, 'झोपाळ्याच्या प्रसंगात इकडं बघितलं तिनं. आपल्याकडं. माझ्या अंगावर काटा आला.'

विमलानं फोन पालथा ठेवला.

ती काही घाबरट बाई नव्हती. तिनं शांतपणे विचार केला. आपला टीव्ही जुना. प्रभंजन नेहमी म्हणतो, नव्या टीव्हीवर चित्र मोठं दिसतं, आपल्याकडं कडा कापल्या जातात. तसंच असेल. पण ते दार कडेला नव्हतं, मधोमध होतं. बरं, मग त्या तिघी आपली गंमत करत असतील. सोनाली करील. पण भाग्यलक्ष्मीबाई? त्यांना गंमत करता आली असती तर पस्तीस वर्षं गणित शिकवलं असतं कशाला?

ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. खिडकीच्या कट्ट्यावर एक स्टीलचा पेला पालथा होता. तो तिथंच असायचा. काठाला एक पोचा आणि बुडावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. घरातल्या पेल्यांत मिसळू नये म्हणून केलेली ती खूण. दोन महिने त्याला कुणी हात लावला नव्हता, धूळ बसली होती.

आज पेला स्वच्छ धुतलेला होता. आणि त्याच्याखाली पाण्याचं ओलं वर्तुळ होतं.

नळाचं पाणी उडालं असेल, असं विमला स्वतःशी मोठ्यानं म्हणाली. नळ तिथून दोन हात लांब होता.

४

आता तो पेला कुणाचा, ते सांगायला हवं.

वेणूबाई अळणावरकडच्या एका खेड्यातली. शेतमजुराच्या घरातली, नवऱ्यानं टाकल्यावर हुबळीला येऊन धुणंभांडी करून राहिली. या इमारतीत तिची चार घरं होती, ह्याच चौघींची. विमलाचं घर सगळ्यात शेवटचं. भांडी घासून होईतो साडेसात वाजायचे. तिच्या खोलीत टीव्ही नव्हता. म्हणून तो अर्धा तास ती थांबायची. सोफ्यावर नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, चौकटीला टेकून, एक गुडघा वर घेऊन. विमला तिला त्या ठिपक्याच्या पेल्यात चहा द्यायची, आणि आपण किती चांगल्या आहोत असं विमलाला त्या वेळी वाटायचं.

जाहिराती लागल्या की वेणूबाई बोटं मोडायची. एकेक बोट, सावकाश, कट् कट्. आणि पाठीमागून तिचं बोलणं चालायचं.

"अक्का, त्या ड्रायव्हरच्या पायात चपला न्हाईत, बघा की. त्यो जिता न्हवं."

"काहीतरीच काय!"

"बघा तुमी. आईसाब त्याला चा घे म्हनत्यात, पन कप कवा देतात काय त्येच्या हातात?"

कळलं ना आता? सगळे अंदाज वेणूबाईचे होते. विमला ते दुसऱ्या दिवशी खाली जाऊन आपले म्हणून सांगायची. पहिल्या वेळी तिला थोडं चुकल्यासारखं वाटलं. नंतर सवय झाली.

कार्तिकाच्या शेवटी एका दुपारी वेणूबाई भाग्यलक्ष्मीबाईंकडं भांड्यांना आली तेव्हा व्हरांड्यात ड्रायव्हरचीच चर्चा चालली होती. श्रीलक्ष्मी विमलाचं कौतुक करत होती. वेणूबाई थांबली आणि हसून म्हणाली, "ते मीच म्हनलं हुतं की अक्कास्नी. चपलांचं."

सोनाली फसकन हसली. श्रीलक्ष्मी म्हणाली, "अय्य, विमलाक्का! म्हणजे आमची गुरू ही होय!" सगळ्या हसल्या. वेणूबाईही हसली. तिच्या मनात काही नव्हतं. विमला हसली, पण तिचे कान तापले होते, आणि रात्री अंथरुणातही ते तापलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरातली चांदीची पळी सापडेना. लहानशी, तिच्या आईनं दिलेली. विमलानं दोनदा शोधलं. मग दुपारी व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, ती हळू आवाजात म्हणाली, "मला कुणाचं नाव घ्यायचं नाही. पण माझ्याकडं बाहेरचं माणूस एकच येतं. तुम्हीही आपापलं बघून घ्या."

बस्स, तेवढंच. आवाज चढवला नाही, आरोप केला नाही. गरीब, भल्या विमलानं असं म्हटलं म्हणजे खरंच असणार, असं सगळ्यांना वाटलं.

आणि त्याच संध्याकाळी पळी मिळाली. विमला देवापुढच्या फुलवाती तुपात भिजवून एका डब्यात ठेवायची. थंडीनं तूप घट्ट झालं होतं, म्हणून तिनं डबा गरम पाण्यात धरला. तूप विरघळलं आणि वातींच्या मधून पळीचा दांडा वर आला. आदल्या दिवशी तापल्या कानांनी वाती भिजवताना तिनं स्वतःच ती आत सोडली होती, आणि वरून तूप गोठलं होतं.

तेव्हा सव्वासात वाजले होते. वेणूबाई अजून यायची होती. बाकीच्या तिन्ही घरांनी तिला अजून नको म्हणून सांगितलेलं नव्हतं. फोन विमलाच्या हाताशी होता. फक्त एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललं की 'मग काल चपलांचं तीच म्हणाली होती, तेही खरंच की' असं सगळ्यांच्या मनात आलं असतं.

विमलानं पळी परत त्या डब्यात सोडली आणि झाकण लावलं.

वेणूबाई आली तेव्हा विमलानं दाराची साखळी न काढता सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. वेणूबाईनं का म्हणून विचारलं नाही. फक्त म्हणाली, "आज ती खिडकी उगडनार हाय अक्का. बगून जाऊ?"

विमलानं दार लावलं.

दोन दिवसांत बाकीची तीनही घरं सुटली. आठवड्यानं कळलं, वेणूबाई गावाला गेली. पुढचं कुणाला ठाऊक नव्हतं. विमलानं एकदा फोन लावला होता. तो बंद होता.

५

"मी सांगते ती कोण आहे," पेला ओला दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी भाग्यलक्ष्मीबाई म्हणाल्या. वातींचा ढीग त्यांच्यासमोर पांढऱ्या फुलांसारखा पडला होता. "रात्रभर विचार केला मी. ती त्या बंगल्यातली मोलकरीण. तिला काहीतरी आळ घालून घालवलं असणार."

"मग सूड घ्यायला आलीय!" सोनाली.

"सूड घेणारं माणूस असं बसतं काय ग? इतक्या दिवसांत एक भांडं पाडलं तिनं? दिवा घालवला? ती नुसती वाट बघतेय. कुणीतरी काहीतरी म्हणावं म्हणून."

"काय म्हणावं?"

"ते त्या आईसाहेबांना माहीत." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय विमला? पटतंय?"

विमलानं हातातली वात खाली ठेवली. तिघी तिच्याकडं बघत होत्या. आता बोलायला हवं होतं. पळी माझ्याच डब्यात होती, एवढं म्हटलं की झालं. तिनं तोंड उघडलं.

"कसली मोलकरीण नि कसलं काय," ती म्हणाली. "गर्दी दिसायला बसवत असतील कुणालातरी."

"बिडरी, सोडा ते," श्रीलक्ष्मी हसली. "विमलाक्कांची विद्या गेली. वेणूबाई गेली ना, तिच्याबरोबर गेली."

थट्टाच होती. पण हसता हसता श्रीलक्ष्मी मध्येच थांबली, जणू तिला काहीतरी आठवत होतं आणि आठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी विमला टीव्ही बिघडल्याचं खोटं सांगून श्रीलक्ष्मीकडं गेली. श्रीलक्ष्मीच्या सोफ्यामागं भिंत होती. भाग सुरू झाला. मृण्मयी जिन्यावरून उतरली.

आणि दाराशी ती बसलेली होती.

चेहरा अंधारात होता. चौकड्याचं लुगडं, वर घेतलेला गुडघा, बोटाला गुंडाळलेला पदर. आईसाहेब बोलत होत्या, मृण्मयी रडत होती, संगीत चढत होतं, आणि ती या कशाकडंच बघत नव्हती. तिचं तोंड पडद्याबाहेर वळलेलं होतं, थेट या खोलीकडं. एखादं माणूस उंबऱ्यात बसून आतल्या खोलीतला टीव्ही बघतं, अगदी तसं.

"दिसली?" श्रीलक्ष्मीनं कुजबुजत विचारलं.

"दिसली," विमला म्हणाली.

जिना चढताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पहिल्या मजल्यावर दिसते, तिसऱ्या मजल्यावर दिसते, तळमजल्यावर दिसते. फक्त आपल्या घरातल्या टीव्हीत ते दार रिकामं असतं.

मग आपल्याकडं साडेसातला ती बसते कुठं?

६

दुसऱ्या दिवशी तिनं सोफा फिरवून भिंतीला लावायचं ठरवलं. एकटीनं तो हलेना. प्रभंजनला सकाळीच म्हणाली होती, "अहो, जरा हात लावता?" तो म्हणाला, "आता घाईत कशाला? रविवारी बघू." मग तिनं ठरवलं, आज टीव्ही लावायचाच नाही. पण साडेसातला घर इतकं गप्प झालं की पाठीमागची शांतता ऐकू यायला लागली. त्यापेक्षा आवाज बरा, म्हणून तिनं टीव्ही लावला आणि सोफ्यावर बसली. दिवा चालूच ठेवला.

पडद्यावरचं दार रिकामं होतं.

पहिली जाहिरात लागली. साबणाची. त्यातलं गाणं संपत आलं तेव्हा पाठीमागं आवाज झाला.

कट्.

थोडं थांबून, कट्.

विमला वळली नाही. थंडीनं दाराचं लाकूड वाजतं. तिसरा आवाज आला, चौथा, पाचवा. मग जरा विसावा, जेवढा एक हात खाली ठेवून दुसरा हातात घ्यायला लागतो तेवढा. आणि पुन्हा कट्.

मालिका परत सुरू झाली तशी बोटं थांबली.

फोन थरथरला. ग्रुपवर सोनालीचं होतं, 'ती हलली!' मग श्रीलक्ष्मीचं, 'गुडघ्यावर हात टेकला.' मग भाग्यलक्ष्मीबाई, ज्या कधी चालू भागात लिहायच्या नाहीत, 'उठते आहे.'

विमलाच्या मागं कुणीतरी दम टाकला. दिवसभर चार घरची भांडी घासलेल्या बाईचे गुडघे उठताना दुखतात, तसा तो दम होता. मग धातूचा बारीक आवाज, फरशीवर पेला ठेवल्यासारखा.

'उंबरा ओलांडला!' सोनाली. 'आत आली!'

'दार रिकामं. कुठं गेली?' श्रीलक्ष्मी. 'कुणाला दिसते का? विमलाक्का, तुम्हाला दिसते?'

सोफ्याच्या डाव्या अंगाला फरशी दिसत होती. विमलानं मान वळवली नाही. पण डोळे काही आपलं ऐकत नाहीत. ते खाली, डावीकडं गेले.

सोफ्याच्या पायाशी एक पाऊल होतं. भेगाळलेलं, पाण्यानं पांढरट झालेलं. करंगळीशेजारच्या बोटात विरोली, सैल झाली म्हणून तिला लाल दोरा गुंडाळलेला. तो दोरा विमलानंच दिला होता, वातींच्या पुड्याला बांधलेला असतो तो. पाऊल पुढं येत नव्हतं, मागं जात नव्हतं. परक्याच्या घरी बसायला सांगेपर्यंत माणूस जसं उभं राहतं, तसं ते उभं होतं.

विमलाला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्याही आधी काय वाटलं सांगते. दोन वर्षं ही बाई आपल्या घरात रोज बसली, आणि तिला कधी 'वर बस' म्हणायचं सुचलं नाही, याची लाज वाटली. इतकी, की तिला स्वतःच्या हातांकडं बघवेना.

तिनं फोन तोंडाशी नेला आणि आवाज भरायचं बटण दाबून धरलं.

"मी विमला बोलतेय," ती म्हणाली. आवाज फाटत होता. "माझी पळी कुणी घेतली नव्हती. ती माझ्याच तुपाच्या डब्यात होती. मला त्याच दिवशी संध्याकाळी मिळाली. सव्वासातला. मी सांगितलं नाही. तुम्ही सगळ्या मला हसलात म्हणून सांगितलं नाही. चपलांचं वेणूबाईच म्हणाली होती. सगळं तीच म्हणत होती."

अंगठा उचलला. संदेश गेला. एकेक करून तिघींनी ऐकल्याच्या खुणा निळ्या झाल्या.

तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला.

टीव्हीवर पुढच्या भागाची झलक चालू होती. विमलानं डोळे मिटले आणि समोरच्या भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "वेणूबाई, वर बस ग. सोफ्यावर."

सोफा दबला नाही. कुणी बसलं नाही. बऱ्याच वेळानं डोळे उघडले तेव्हा फरशी कोरडी होती, आणि स्वयंपाकघराच्या दारात दिव्याचा चौकोनी उजेड पडला होता तेवढाच. ती धीर करून आत गेली. खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचं वर्तुळ होतं.

पेला नव्हता. ओट्याखाली, कपाटात, केराच्या डब्यात, तिनं सगळीकडं पाहिलं. प्रभंजन आला तेव्हा ती फरशीवर बसून तुपाच्या डब्यातली पळी पदरानं पुसत होती.

"काय झालं ग?" त्यानं विचारलं.

"उद्या मला अळणावरला जायचंय," ती म्हणाली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी विमला पहिल्या बसनं धारवाडला गेली, तिथून अळणावरची बस धरली, आणि फाट्यापासून दोन मैल चालत वेणूबाईच्या गावात पोचली. पळी रुमालात बांधलेली होती. वाटेत तिनं एका म्हातारीला घर विचारलं. म्हातारीनं तिच्याकडं नीट पाहिलं, हात केला आणि आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं.

वेणूबाईचं दार सताड उघडं होतं. आत अंधार होता आणि कुठलाही आवाज नव्हता. उंबऱ्याच्या बाहेर, चौकटीला लागून, एक पोतं घडी करून अंथरलेलं होतं. त्याच्या शेजारी स्टीलचा एक पेला पालथा होता, काठाला पोचा असलेला. बुडावर लाल ठिपका होता.

विमलानं एकदा हाक मारली. मग चपला काढल्या आणि ती त्या पोत्यावर, चौकटीला टेकून, आतून कुणी ये म्हणायची वाट बघत बसली.